रॉकेटमध्ये ५० ग्रॅमची जागा मिळाली, तर काय पाठवाल?

मी मूळचा कोरपन्याचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आजचा भाग खास आपल्याकडच्या आठवी ते दहावीच्या पोट्ट्यांसाठी. कोरपना, जिवती, राजुरा, पार गडचिरोलीपर्यंत. बाकीच्यांनीही ऐका, हरकत नाही.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते ना? आकाशातून जळते पट्टे गेले आणि आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भली मोठी रिंग येऊन पडली. व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो तुकडा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. पाहणीसाठी इस्रोची माणसंही आली. म्हणजे रॉकेट आपल्याकडे खाली आलेलं आहे. आज उलटं बोलू. आपल्याकडून वर काय जाऊ शकतं?

शाळकरी मुलांचं काम खरंच रॉकेटवर जातं का? जातं. ७ ऑगस्ट २०२२ ला इस्रोचं नवं छोटं रॉकेट, एसएसएलव्ही, पहिल्यांदा उडालं. त्यात आझादीसॅट नावाचा साधारण आठ किलोचा उपग्रह होता. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी मिळून त्याचे ७५ छोटे भाग तयार केले होते. प्रत्येक भाग साधारण ५० ग्रॅमचा. आपल्या शर्टाच्या खिशात मावेल एवढा.

आणि ते उड्डाण फसलं. का फसलं, हे माझ्या धंद्याशी जोडलेलं आहे म्हणून सांगतो. रॉकेटचा दुसरा टप्पा सुटताना जोराचा हादरा बसला. वेगातला बदल मोजणारे सेन्सर अगदी थोडा वेळ त्या हादऱ्याने भांबावले. सॉफ्टवेअरला वाटलं, सेन्सर बिघडले. त्याने पर्यायी मार्ग धरला आणि शेवटी सेकंदाला सुमारे ५६ मीटर वेग कमी पडला. कक्षेत राहायला सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग लागतो. त्यापुढे ५६ मीटर म्हणजे काहीच नाही, पण तेवढ्यानेच उपग्रह ३५६ किलोमीटरवर फिरत राहण्याऐवजी एका बाजूला ७६ किलोमीटरपर्यंत खाली आला. तिथे हवा आहे. हवेने त्याला ओढून घेतलं.

सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला, सुधारलेल्या रॉकेटमधून आझादीसॅट-२ गेला आणि कक्षेत पोहोचला.

आता मुद्द्याचं. उड्डाण फसणं आणि प्रयोग फसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न नीट असेल, आराखडा वहीत असेल, तर दुसऱ्या रॉकेटची वाट बघता येते. पण रॉकेट व्यवस्थित वर गेलं आणि तुमच्याकडे प्रश्नच नसेल, तर हाती काय लागतं? सर्टिफिकेट आणि फोटो. तयार किट जोडायला मिळालं तर जरूर जोडा, हात बसतो. फक्त एक विचारा: यातला प्रश्न कोणाचा आहे?

जुडिथ माइल्स नावाच्या सतरा वर्षांच्या अमेरिकन मुलीने विचारलं होतं, वजन नसेल तर कोळी जाळं विणेल का? १९७३ मध्ये नासाने तिचे दोन कोळी स्कायलॅबवर नेले. सुरुवातीला जाळं वेडंवाकडं झालं, मग जमलं. केवढा साधा प्रश्न! आपल्या घराच्या कोपऱ्यात सुचेल असा.

चला, आपला एक प्रयोग उभा करू. आपल्याकडे कापूस आहे, तर सरकी घेऊ. 'अंतराळात कापूस उगवेल का?' हा प्रश्न आता जुना झाला. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या चांग-ई ४ यानात, चंद्रावर, बंद डब्यात कापसाला कोंब फुटला होता. पुढे रात्रीच्या थंडीत तो मेला. इस्रोनेही डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी६० वरून आठ चवळीच्या बिया पाठवल्या, त्या चार दिवसांत उगवल्या. त्याच उड्डाणात मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या.

म्हणून प्रश्न बारीक करा. 'रॉकेटमधून जाऊन परत आलेली सरकी, घरी ठेवलेल्या सरकीपेक्षा उशिरा उगवते का?' आता हे मोजता येतं.

पुढे तीन ढीग करा, एकाच पाकिटातले, तीस-तीस बियांचे. एक वर जाईल. दुसरा घरी, तशाच डबीत. तिसरा का? कारण रॉकेट प्रचंड हादरतं. फरक पडला तर तो हादऱ्याने की वजन नसल्याने, हे कळणार कसं? म्हणून तिसरा ढीग जमिनीवरच तसाच हलवायचा. हा तिसरा ढीग ज्याला सुचला, त्याला प्रयोग समजला.

मग वेळ बघा. लहान रॉकेट वर जाऊन लगेच खाली येतं, वजनरहित अवस्था काही मिनिटांचीच मिळते. त्यात कोंब फुटायची वाट बघता येत नाही. कक्षेत गेलात तर दिवस मिळतात, पण डबी परत येत नाही. रेडिओवरून फक्त आकडे आणि फोटो येतात. चवळीच्या वेळी कॅमेरा, तापमान, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड असंच सगळं बघितलं होतं. म्हणजे प्रश्न बदलला की रॉकेट बदलतं, आणि रॉकेट बदललं की प्रश्नही बदलावा लागतो.

शेवटचं: निकाल काय येईल, ते आधी लिहून ठेवा. तारखेसकट. नंतर 'मला माहीतच होतं' म्हणायची सोय राहत नाही.

यातलं रॉकेट सोडून बाकी सगळं कोरपन्यात होतं. दुसरा आणि तिसरा ढीग तर या आठवड्यातच लावता येईल. घरी ठेवलेल्या तीस बियांपैकी किती उगवतात, हेच माहीत नसेल तर वर गेलेल्या बियांची तुलना कशाशी करणार? नववीत असाल तर इस्रोच्या युविका कार्यक्रमावरही लक्ष ठेवा. गावातल्या शाळेत शिकणाऱ्यांना त्याच्या निवडीत जादा गुण मिळतात.

तर आज एक काम. वहीचं पान उघडा, एका ओळीत प्रश्न लिहा आणि उद्या विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. त्यांनी 'हे मोजणार कसं?' असं विचारलं, तर समजा गाडी बरोबर रस्त्यावर आहे. भेटू पुढच्या भागात!