टॅक्स भरला, पण कुठं?

मैत्रिणींनो, आजचं बोलणं खरं तर गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. पण गाडीचा हप्ता कुणाच्या बचतीतून जातो आणि गाडीचे कागद घरात कोण सांभाळतं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही तुमच्याशीच बोलणार.

आमच्या एका गटातल्या वहिनींनी काही वर्षांपूर्वी गटाचं कर्ज आणि बँकेचं कर्ज असं दोन्ही मिळून जुना छोटा हत्ती घेतला. दाजी चालवतात. पहाटे भाजी भरून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात आणि येताना कुणाचं खत, कुणाची पेंड. गाडीची कागदपत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या मागं ठेवलेली. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की त्या पिशवीलाही हळदकुंकू. वर्षाचा टॅक्स एजंट भरायचा. तो पावती आणून द्यायचा आणि पावती पिशवीत जायची. इतकं सरळ होतं.

मग एका वर्षी एजंट म्हणाला, "आता कागद मिळत नाही. सगळं ऑनलाइन झालंय. पैसे द्या, पावती मोबाईलवर पाठवतो." पैसे दिले. पावतीचा फोटो आला. आमच्याकडं नियम आहे की गटाच्या कर्जातून गाडी घेतली असेल तर दरवर्षी विमा आणि टॅक्स बघायचा आणि वहीत खूण करायची. त्या बैठकीत वहिनींनी फोटो दाखवला आणि आम्ही खूण केली. आमच्याच हातानं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची चूक एकट्या वहिनींची नाही.

नंतर एका पहाटे रस्त्यावर तपासणी लागली. दाजींनी मोबाईल काढून पावतीचा फोटो दाखवला. साहेबांनी तो नीट बघितलासुद्धा नाही. त्यांच्या हातातल्या मशीनवर गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाले, "तुमचा टॅक्स थकलाय." दाजी म्हणाले, "सायेब, पावती हाय की!" साहेबांनी फोटो मोठा करून दाखवला. पावती खरी होती, पण गाडी दुसरी होती. नंबरातला शेवटचा आकडा वेगळा. गाडी बाजूला लागली ती दुपारपर्यंत. टोमॅटो आणि मेथी दुसऱ्या टेंपोत घालून पाठवली, पण तोवर सौदा उरकला होता. मेथीचं काय झालं ते तुम्हीच समजा. दंड झाला, थकलेला टॅक्स भरावा लागला, त्यावरचं व्याजही भरावं लागलं आणि त्या महिन्याचा हप्ता चुकला.

रात्री वहिनींचा फोन आला. रडत नव्हत्या, रागावल्या होत्या. "ताई, तुमी बघितला होता की कागद!" आम्हाला उत्तर सुचलं नाही.

एजंटाकडं आम्ही चौघीजणी गेलो. तो आधी म्हणाला सर्व्हर बंद होता, मग म्हणाला पोरानं चुकून दुसरा फोटो पाठवला. शेवटी निम्मे पैसे परत मिळाले, बाकीचे अजून यायचे आहेत. गटात मोठा वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, गाडीला कर्जच द्यायला नको. एक मावशी म्हणाल्या, "म्हैस आजारी पडली तर म्हशीला कर्ज द्यायचं बंद करता व्हय?" त्यावर हसू आलं आणि वाद मिटला. वहिनींना शेकडा दोननं आणखी थोडे पैसे दिले आणि ठरवलं की ही ऑनलाइन भानगड आपण स्वतः शिकायची.

शिकल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की कागद गेला म्हणजे पावती मोबाईलवर आली, एवढाच अर्थ नाही. आधी आपल्या हातातला कागद खरा मानला जायचा. म्हणून तर जुन्या लोकांना आरसी-टीसी बुक जिवापाड असायचं. आता खरं काय ते सरकारच्या 'वाहन' नावाच्या संगणकातल्या नोंदीत असतं. पोलीस तिथं बघतात, आरटीओ तिथंच बघतं. तिथं नोंद नसेल तर पिशवीतल्या पावतीला किंमत नाही. उलट तिथं नोंद असेल आणि तुमची पावती उंदरांनी खाल्ली, तरी काही बिघडत नाही. पुन्हा छापून घेता येते.

हे काल-परवाचं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं की डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदासारखंच धरायचं. त्याच वर्षी नियमातही तसा बदल झाला. मात्र यात एक मेख आहे आणि ती आमच्या बऱ्याच दादांना माहीत नाही. आरसीचा फोटो काढून गॅलरीत ठेवला किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवला, तर ते डिजीलॉकर होत नाही. डिजीलॉकरमध्येही आपण स्वतः चढवलेला फोटो वेगळा आणि सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद वेगळा. चालतो तो दुसरा. तो आपल्या मोबाईल नंबरनं आणि आधारनं डिजीलॉकर उघडून, त्यात गाडीचा नंबर आणि चासी नंबर घालून मागवायचा असतो. एकदा आला की त्यात राहतो. रेंज नसलेल्या भागात जायचं असेल, म्हणजे आपल्याकडं भुदरगड, गगनबावडा, चंदगडच्या डोंगराकडच्या वाड्या, तर निघण्याआधी घरीच एकदा उघडून बघा.

टॅक्स भरायचा तो परिवहन डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर. गाडीचा नंबर घालायचा. आपल्याकडचा असेल तर एमएच शून्य नऊनं सुरू होतो. मग चासी नंबरचे शेवटचे आकडे घालायचे आणि मोबाईलवर ओटीपी येतो. किती टॅक्स आहे, कधीपर्यंत भरलाय, थकलाय का, हे पैसे भरण्याआधीच दिसतं. पैसे भरले की पावती निघते. त्या पावतीवर पहिल्यांदा काय बघायचं? गाडीचा पूर्ण नंबर, एकेक आकडा बोट ठेवून. मग कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचा टॅक्स आहे ते. रक्कम सगळ्यात शेवटी. आम्ही उलटं करायचो, रक्कम बघून खूश व्हायचो.

कधी कधी पैसे खात्यातून जातात आणि पावती निघत नाही. तेव्हा घाबरून परत पैसे भरू नका. साइटवरच अडकलेला व्यवहार तपासायची सोय आहे. थोडा वेळ जाऊ द्या आणि तिथं बघा. आमच्या एका भावोजींनी घाईत दोनदा भरले आणि मग परतीसाठी चकरा मारत बसले.

आता ओटीपीबद्दल. वहिनींच्या गाडीचा ओटीपी कुठं जात होता माहीत आहे? एजंटाच्या मोबाईलवर. गाडी घेताना फॉर्म त्यानंच भरला, नंबरही त्यानं स्वतःचा टाकला. म्हणजे आमच्या गाडीचे सगळे मेसेज, टॅक्स संपल्याचे, दंडाचे, त्याच्या खिशात वाजत होते. गावात बघितलं तर निम्म्या गाड्यांची हीच कथा. कुणाचा शोरूमवाल्याचा नंबर, कुणाचा बंद पडलेला. नंबर बदलायची सोय त्याच साइटवर आहे. चासी, इंजिन नंबर आणि आरसीवरच्या तारखा लागतात. ऑनलाइन जुळलं नाही तर आरसी आणि आधार घेऊन आरटीओत जावं लागतं. एक दिवस मोडतो, पण मोडू द्या.

याहून अवघड प्रश्न आमच्या विधवा बहिणींचा आहे. नवरा वारला. मोटरसायकल त्याच्या नावावर, मोबाईल नंबर त्याचा. रिचार्ज नाही म्हणून तो नंबर बंद. पोरगा गाडी वापरतो. कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस आरसीची पंधरा वर्षं संपतात. मोटरसायकलला वर्षाचा टॅक्स नाही, घेतानाच एकदा भरलेला असतो, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं काही करायचं नाही. पण पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात तेव्हा पर्यावरण करही भरावा लागतो. अर्ज करायला बसलं की ओटीपी गेलेल्या माणसाच्या बंद नंबरवर जातो.

कायदा असा आहे की मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा. फॉर्म नंबर ३१. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी आणि वारसाचे कागद लागतात. इतर वारसांची संमतीही मागतात. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची ना हरकत. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कुणी गाडीचं नाव काढत नाही, आणि काढावं अशी अपेक्षाही नाही. म्हणून हे काम गटानं करायचं असं आम्ही ठरवलंय. महिन्याभरात कुणीतरी दोघी जाऊन विचारतील, "वहिनी, गाडी कुणाच्या नावावर आहे?" ज्यांचा मुदतीत राहून गेलाय त्यांनीही अर्ज द्या. उशिराचा आकार पडेल, पण गाडी नावावर होते.

टेंपो, रिक्षा, वडापच्या जीप यांना आणखी एक बंधन आहे, फिटनेस. नव्या गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. टॅक्स थकलेला असला की फिटनेसचं कामही अडतं, आणि आठ वर्षांनंतर या गाड्यांनाही पर्यावरण कर आहे. म्हणजे एक तारीख चुकली की तिच्या मागून बाकीच्या येतात. नवी मालवाहू गाडी घेणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट: २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना ७ टक्के एकरकमी कर जाहीर झाला. म्हणून गाडी ठरवताना टॅक्स वर्षाचा की एकदाच, हे पहिल्या दिवशी विचारा आणि कर्जाच्या हिशोबात धरा. जुन्या गाडीवाल्यांनी आपली नोंद बघावी.

हा गोंधळ आपल्याच गावात झाला असं समजू नका. इंग्लंडमध्ये टॅक्स भरल्याची गोल कागदी चकती गाडीच्या काचेवर लावायची पद्धत १९२१ पासून होती. १ ऑक्टोबर २०१४ ला ती बंद झाली. त्या दिवशी लोक ऑनलाइन टॅक्स भरायला इतके तुटून पडले की साइटच कोलमडली. तिथं गाडी विकली की टॅक्स नव्या मालकाला मिळत नाही, त्यानं नव्यानं भरायचा. ते न कळल्यानं बरेच जण अडकले. शिकलेसवरलेले लोक, घरोघरी इंटरनेट, तरी ही तऱ्हा. तेव्हा आपल्या दाजींना पहिल्यांदा जमलं नाही म्हणून त्यांना बोल लावू नका. जमतं हळूहळू. आमच्या दाजींना बटणाचा फोनच बरा वाटायचा. आता ते चहाच्या टपरीवर दुसऱ्यांचे नंबर टाकून टॅक्सच्या तारखा सांगतात आणि वर म्हणतात, "पाच रुपये द्या!"

आणि एक सावधगिरी. मोबाईलवर मेसेज येतो, तुमच्या गाडीचा दंड बाकी आहे, खालची फाइल उघडा. फाइलचं नाव 'आरटीओ चलान' असं काहीतरी असतं आणि शेवटी एपीके लिहिलेलं असतं. ती उघडायची नाही. सरकार व्हॉट्सॲपवर असलं ॲप पाठवत नाही. दंड खरा आहे का ते परिवहनच्या साइटवर स्वतः जाऊन, गाडीचा नंबर टाकून बघायचं. चुकून उघडली आणि पैसे गेले, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. ओटीपी मात्र कुणालाच सांगायचा नाही, एजंटालाही नाही. एजंटाकडून काम करून घ्यायला हरकत नाही, त्याचंही पोट आहे. फक्त समोर बसून करून घ्या आणि तुमच्या मोबाईलवर आलेला ओटीपी तुम्हीच टाका.

आमच्या वहीत आता फरक केलाय. पूर्वी 'टॅक्स पावती बघितली' असा रकाना होता. तो खोडून 'साइटवर बघितलं, तारीख' असा केलाय. पुढं नोंद बघणारीची सही. बारावी झालेली वहिनींची लेक दर महिन्याच्या बैठकीला मोबाईल घेऊन बसते. गटाच्या कर्जातल्या गाड्या असोत की घरच्या, नंबर सांगितला की टॅक्स, विमा, पीयूसी, फिटनेस, चारही तारखा वाचून दाखवते. गेल्या बैठकीत तीन गाड्यांचा विमा संपलेला निघाला. त्यातली एक आमची स्वतःची स्कुटी होती.

तुमच्या गावात हे करायचं असेल तर पुढच्या बैठकीला येताना आरसी आणा, घरातल्या गाडीला कुणाचा मोबाईल नंबर लावलाय ते विचारून या, आणि ज्याचा नंबर आहे तो फोन चार्ज करून सोबत घ्या.