मधुमेहींच्या पायांची नखे : एक दुर्लक्षित विषय



आरोग्यविषयक व्याख्यानांतून हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांची चर्चा होते. पायांच्या नखांची क्वचितच होते. नख पिवळे पडले, जाड झाले, त्याचा भुगा पडू लागला, तरी ते दुखत नाही म्हणून कोणी डॉक्टरांकडे जात नाही. वयोमानाने होते असे समजून घरातील मंडळीही स्वस्थ राहतात. मधुमेह नसलेल्या माणसास हे दुर्लक्ष बहुधा खपून जाते. मधुमेहीच्या मात्र ते पायावर बेतू शकते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. सातारा-सांगलीच्या पेठांतून बैठा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना हा आकडा परका नाही.

नखाचा हा विकार बहुधा बुरशीमुळे होतो. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांची बुरशी पुढे नखाखाली शिरते. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली की शरीराची प्रतिकारशक्ती उणावते, पायांकडील रक्तपुरवठा मंदावतो आणि मज्जातंतू बधिर होतात. जाड झालेले नख बुटात दाबले जाऊन त्याखाली जखम होते. त्याची धार शेजारच्या बोटास कापते. बधिर पायास हे कळत नाही. त्या जखमेतून जंतू आत शिरतात आणि वेळीच उपचार न झाल्यास बोट वा पाय गमावण्याची पाळी येते. नख हे केवळ दार आहे. संकट त्या दारातून आत येते.

या परिसरात पायांना पाण्याची संगत फार. उसाच्या आणि हळदीच्या रानातील पाणी, महाबळेश्वर-कोयना भागातील दीर्घ पावसाळा, आणि २००५, २०१९ व २०२१ साली सांगलीने अनुभवलेले कृष्णेचे महापूर. अशा पाण्यातून आल्यावर मधुमेहीने पाय स्वच्छ धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून, प्रत्येक बोट उजेडात पाहावे. ओले मोजे दिवसभर पायांत ठेवू नयेत. सुती मोजे रोज बदलावेत.

मंदिरात अनवाणी जाणे हा आपला आचार आहे. तो सोडण्याचे कारण नाही. परंतु बधिर पायांना तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या मधुमेहीने सकाळच्या थंड वेळी चढाव्यात, परतल्यावर तळवे तपासावेत. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा अथवा मुला-सुनांस पाहावयास सांगावे. यात संकोच नसावा.

घरगुती उपायांविषयी थोडे. सांगलीची हळद जगप्रसिद्ध असली, तरी तिचा लेप जाड नखातून आत पोहोचत नाही. उलट नख पिवळे होऊन डॉक्टरांस तपासणी अवघड जाते. दुकानातून परस्पर आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली मलमे तर बुरशीस पोसतात. विचित्र दिसणारे प्रत्येक नख बुरशीचेच असते असेही नाही. इजा वा सोरायसिसनेही नख असेच दिसते. म्हणून नखाचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी तपासणी आधी करून घ्यावी. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय अथवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे सल्ला घेता येईल.

बुरशी ठरल्यास टर्बिनाफिनच्या गोळ्या बहुधा १२ आठवडे दिल्या जातात. त्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. इट्राकोनॅझोल हृदय अशक्त असलेल्यांस टाळतात. फ्लुकोनॅझोलमुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम वाढून साखर एकाएकी उतरू शकते. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी.

येथे समाजाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. ते नको असल्यास औषध गुपचूप बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे. टर्बिनाफिन गोळीच्या रूपात मिळते आणि दिवसा, सूर्यास्तापूर्वी घेता येते. दुसरे, पर्वकाळात उपवास करणाऱ्या मधुमेहीने औषधांचे प्रमाण आधी ठरवून घ्यावे.

सर्वांत मोठी कसोटी धीराची. पायाचे नख महिन्यास सुमारे दीड मिलिमीटर वाढते. संपूर्ण नवे नख येण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. औषध संपले तरी जुने नख तसेच दिसते, म्हणून ‘गुण आला नाही’ असा निष्कर्ष काढून पुष्कळजण उपचार सोडतात. मुळाकडून येणारे स्वच्छ नख हीच गुणाची खूण होय.

नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. घरात प्रत्येकाचे नेलकटर वेगळे असावे. नखाभोवती लाली, सूज, पू वा काळसरपणा दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दुकान बंद करताना दिवसाचा हिशेब पाहिल्याखेरीज व्यापारी उठत नाही. रात्री निजण्यापूर्वी दोन मिनिटे दोन्ही पायांचाही हिशेब पाहिला, तर पुष्कळ पाय वाचतील. ती सवय प्रत्येक घरात रुजावी, हीच सदिच्छा. जय जिनेंद्र.