यंत्रांतील निरोप्या

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट जेथें कोंकणांत उतरतात, तेथें वैभववाडी हें तालुक्याचें गांव आहे. १९९० सालीं स्थापन झालेल्या कोंकण रेल्वे कॉर्पोरेशननें रोह्यापासून मंगळुरानजीकच्या ठोकूरपर्यंत सुमारें ७४० किलोमीटरांचा जो मार्ग बांधिला, तो या गांवावरून जातो. १९९८ पासून त्यावर थेट गाड्या धांवत आहेत. पण वैभववाडीच्या बाजूस मार्ग अजून एकेरीच आहे. एकाच रुळावरून मुंबईकडील गाडी खालीं यावयाची आणि गोव्याकडील गाडी वर जावयाची. दोन स्टेशनांवरचे मास्तर एकमेकांस पाहूं शकत नाहींत. मध्यें डोंगर, बोगदे आणि नद्या. मग टक्कर कशी टळते? तर केवळ निरोपानें. मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी, असा नियम असतो. पुढच्या स्टेशनानें ‘लाईन क्लियर’ दिल्यावांचून मागच्या स्टेशनावरून गाडी सुटत नाहीं. टेलिफोनवरून निरोप द्यावा लागला, तर त्याच्या खात्रीसाठीं खाजगी क्रमांक सांगितला जातो, आणि तो वहींत टिपून ठेवितात.

आजच्या भाषणाचा विषय रेल्वे नव्हे, संगणक हा आहे. परंतु संगणकाच्या पोटांत नेमका हाच प्रश्न दर क्षणीं उभा असतो.

घरांतील साध्या संगणकावर किंवा मोबाइलवर एका वेळीं शेंकडों कामें चालूं असतात. चालूं असलेल्या अशा प्रत्येक कामास ‘प्रोसेस’ म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला स्मरणाची स्वतंत्र खोली दिलेली असते, आणि शेजारच्या खोलींत तिला डोकावतांहि येत नाहीं. ही बंदी उगाच नाहीं. एका कामांत बिघाड झाला तर त्यानें दुसऱ्याचे आंकडे पुसून टाकूं नयेत, आणि एखाद्या लबाड कार्यक्रमानें बँकेचा गुप्त शब्द चोरूं नये, म्हणून या भिंती उभारलेल्या आहेत. पण भिंती घातल्या कीं व्यवहार थांबतो. छपाईच्या कामास लेखनाच्या कामाकडून मजकूर हवा असतो. तो मिळावा कसा?

यासाठीं मधला अधिकारी लागतो. तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. प्रोसेसनें स्वतः भिंत ओलांडावयाची नसते; खिडकीशीं जाऊन अर्ज करावयाचा असतो. या अर्जासच ‘सिस्टिम कॉल’ असें नांव आहे. ‘हा निरोप अमक्या रांगेंत ठेवावा’ असा अर्ज आला कीं ऑपरेटिंग सिस्टिम त्या निरोपाची नक्कल आपल्या दप्तरांत करून घेते. पुढें दुसरी प्रोसेस ‘माझ्या नांवें कांहीं आहे काय?’ असें विचारावयास आली म्हणजे ती नक्कल तिच्या खोलींत पोंचविते. दोघांची गांठ कधींच पडत नाहीं. मध्यें पोस्टमास्तर असतो.

या टपालाचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील दोन ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला ‘पाइप’. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमधील डग्लस मॅक्इल्रॉय यांनीं १९६४ सालीं असें सुचविलें होतें कीं, बागेंतल्या पाण्याच्या नळ्या जशा एकमेकींस जोडतां येतात, तसे कार्यक्रमहि जोडतां यावेत. केन टॉम्प्सन यांनीं १९७३ सालीं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्यें ती कल्पना प्रत्यक्षांत आणिली. पाइपमधून अक्षरें पाण्यासारखीं वाहतात. एक पत्र कोठें संपलें व दुसरें कोठें सुरू झालें, हें तो सांगत नाहीं. दुसरा प्रकार ‘मेसेज क्यू’, म्हणजे निरोपांची रांग. तींत प्रत्येक पत्र वेगळें राहतें, आणि तातडीचें पत्र आधीं देण्याचीहि सोय असते.

मात्र दोहोंनाहि मर्यादा आहे. लिनक्स या प्रसिद्ध ऑपरेटिंग सिस्टिममध्यें पाइपांत सामान्यतः ६५,५३६ बाइट मावतात. आणि एका प्रकारच्या रांगेंत, कोणीं मर्यादा बदलली नसेल तर, केवळ १० निरोप राहतात. पेटी भरली कीं पाठविणाऱ्यास थांबावें लागतें, आणि पेटी रिकामी असली कीं घेणाऱ्यास. थांबणाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टिम झोंपवून ठेवते व वेळ आली कीं उठविते. यांत मोठी काटकसर आहे. कारण दर क्षणीं दारावर थाप मारून ‘आलें का?’ असें विचारीत बसल्यास यंत्राची शक्ति फुकट जाते. पण येथेंच संकटहि लपलेलें आहे. पहिली प्रोसेस दुसरीच्या उत्तराची वाट पाहत आहे, आणि दुसरी पहिलीच्या. असें झालें तर दोघी जन्मभर झोंपून राहतील. एकेरी मार्गावर दोन गाड्या तोंडाशीं तोंड लावून उभ्या राहाव्यात, तशांतला हा प्रकार होय.

असल्या अडचणी केवळ पुस्तकांत राहत नाहींत. ४ जुलै १९९७ रोजीं ‘पाथफाइंडर’ हें अमेरिकन यान मंगळावर उतरलें, आणि थोड्याच दिवसांनीं त्याचा संगणक पुन्हां पुन्हां आपोआप बंद होऊन नव्यानें सुरू होऊं लागला. शोध केल्यावर असें आढळलें कीं, हवामान टिपणारें एक दुय्यम काम निरोपाच्या पाइपाचें कुलूप हातीं धरून बसत असे. मधल्या दर्जाचीं कामें त्यास बाजूस सारीत. त्यामुळें कुलूप सुटत नसे, आणि सर्वांत महत्त्वाचें काम त्या कुलुपासाठीं ताटकळत राही. तें वेळेवर झालें नाहीं, असें दिसतांच पहारा करणारी व्यवस्था सगळें यंत्र नव्यानें सुरू करी. कुलूप ज्याच्या हातीं आहे त्यास तेवढ्यापुरता थांबलेल्याचा मोठा दर्जा द्यावा, अशी दुरुस्ती पृथ्वीवरून पाठविण्यांत आली, आणि यान सुधारलें.

हेंच तत्त्व आपल्या पुण्यांतहि नांदत आहे. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यांतील प्रत्येक प्रोसेसरची स्मृति वेगळी होती, म्हणून त्यांचा सारा सहकार निरोपांवर चाले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत २०२४ पासून ‘अर्क’ हा महासंगणक आहे. अशा यंत्रावर आकाशाचे असंख्य तुकडे पाडून एकेका प्रोसेसकडे सोंपवितात, आणि प्रत्येक प्रोसेस आपल्या हद्दीच्या कडेचे आंकडे शेजारणीस कळविते. समुद्रावरचा ढग कोंकणाच्या तुकड्यांत शिरला, हें त्या तुकड्यास निरोपानेंच समजतें.

आणि निरोप न पोंचण्याची किंमत वैभववाडीस ठाऊक आहे. २२ जून २००३ च्या रात्रीं कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीची खास गाडी या गांवाजवळ रुळांवर कोसळलेल्या दरडीवर आदळली, आणि पन्नासाहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. ही टक्कर दुसऱ्या गाडीशीं नव्हती. गाडीची वार्ता स्टेशनाकडून स्टेशनाकडे जाते. डोंगर सुटल्याची वार्ता चालकाकडे नेणारें त्या क्षणीं कोणी नव्हतें. आज पावसाळ्यापुरतें वेगळें वेळापत्रक असतें, गाड्या सावकाश चालवितात, आणि धोक्याच्या जागीं पहारेकरी गस्त घालतात. गस्तवाला हा अशा वेळीं निरोप्याच असतो.

संगणक रचणारे यांतूनच एक नियम शिकले आहेत. ‘निरोप ठेविला’ असें ऑपरेटिंग सिस्टिमनें सांगितलें, तर त्याचा अर्थ ‘तो वाचला गेला’ असा होत नाहीं. तो पेटींत पडला, एवढाच होतो. वाचणारी प्रोसेस त्यापूर्वींच मेलेली असूं शकते. म्हणून महत्त्वाच्या कामांत उलट पोंच मागतात, ठराविक वेळेंत ती आली नाहीं तर पुन्हां पाठवितात, आणि एकच निरोप दोनदां मोजला जाऊं नये म्हणून प्रत्येकावर क्रमांक घालतात. गृहस्थानें मोबाइलवरून दुकानदारास पैसे पाठविले आणि पडद्यावर ‘प्रतीक्षा करा’ एवढेंच दिसत राहिलें, तर त्यानेंहि तोच नियम पाळावा. घाईनें दुसऱ्यांदा पैसे पाठवूं नयेत. आधीं पहिल्या व्यवहाराचा क्रमांक पाहावा, आणि त्याचें काय झालें याची चौकशी करावी.