रहीमसाहेब : शाळामास्तर आणि राष्ट्राचे गुरु

(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण शिरूर कासार येथें जमलों आहों. अशा दिवशीं थोरामोठ्यांचें स्मरण करण्याची वहिवाट आहे. आम्ही आज एका शाळामास्तरांचें स्मरण करणार आहों.

ते आपल्या धर्माचे नव्हते, आणि मराठी ही त्यांची भाषा नव्हती. तथापि आपला बीड जिल्हा पूर्वीं ज्या हैदराबाद राज्यांत मोडत असे, त्याच राज्याच्या राजधानींत ते वाढले. त्यांचें नांव सय्यद अब्दुल रहीम. जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. काचीगुडा, चादरघाट वगैरे ठिकाणच्या शाळांतून त्यांनीं मुलांस शिकविलें, व पुढें फुटबॉलचें मैदान हाच त्यांचा वर्ग झाला. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलिस संघाचे गुरु होते. त्या संघानें १९५० ते १९५४ अशीं लागोपाठ पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकिला.

मैदानावरहि त्यांनीं शिक्षकाची रीत सोडली नाहीं. ते चमत्कारिक सामने भरवीत. एखाद्या सामन्यांत चेंडू घोळवीत नेण्यास मनाई असे. मग सोबत्याकडे चेंडू देण्यावांचून गत्यंतर नसे. दुसऱ्या एखाद्या सामन्यांत केवळ दुबळ्या पायानेंच चेंडू मारावयाचा, असा नियम असे. बळकट पाय आपोआप चालतो. गुरूची गरज दुबळ्या पायास असते, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

भारतीय संघाचे गुरु या नात्यानें त्यांस यश मिळालें, तसा अपमानहि सोसावा लागला. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत आपल्या संघानें इराणचा १-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविलें. पुढच्याच वर्षीं हेलसिंकी येथें युगोस्लाव्हियानें त्याच देशाच्या संघास १०-१ असें हरविलें. त्या वेळीं आपले कित्येक गडी अनवाणी खेळत होते. रहीमसाहेबांनीं शिष्यांस टाकून दिलें नाहीं; धडा पुन्हां पहिल्यापासून गिरविला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा हैदराबादेपासून वेगळा होऊन मुंबई राज्यांत आला. त्यानंतर बरोबर एक महिन्यानें, १ डिसेंबर रोजीं, मेलबोर्नच्या ऑलिंपिकांत भारतानें ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरविलें. त्यांतले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय खेळाडूचे होते. उपांत्य फेरींत जाणारा आशियांतील पहिला संघ आपलाच होय. अखेर त्यास चौथें स्थान मिळालें.

१९६२ सालीं संघ जाकार्तास गेला, तेव्हां रहीमसाहेबांस कर्करोगानें ग्रासलें होतें. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें २-० असा पराभव केला. बचाव सांभाळणारा जर्नेलसिंग डोक्यास टांके पडल्यामुळें आपल्या नेहमींच्या जागीं खेळूं शकत नव्हता. गुरूंनीं त्यास आघाडीस पाठविलें. ४ सप्टेंबर रोजीं अंतिम सामना पुन्हां त्याच कोरियाशीं झाला. प्रेक्षकांचा प्रचंड समुदाय आपल्या संघाच्या विरुद्ध ओरडत होता. पी. के. बॅनर्जी व तोच जर्नेलसिंग यांनीं एकेक गोल केला, आणि भारत २-१ असा विजयी झाला. पुढें नऊ महिन्यांनीं, ११ जून १९६३ रोजीं, रहीमसाहेबांचें देहावसान झालें. तेव्हांपासून आशियाई सामन्यांतील फुटबॉलचें सुवर्णपदक आपल्या पुरुष संघास पुन्हां लाभलेलें नाहीं.

बंधुभगिनींनो, ही कथा आम्हीं येथेंच कां सांगितली? आपल्या तालुक्यांतून दरसाल कित्येक कुटुंबें ऊसतोडीस जातात. मुलेंहि बरोबर जातात, आणि तीं परत येतात तों वर्गाचे धडे फार पुढें गेलेले असतात. अशा मुलास मागच्या बांकावर बसवून विसरणें सोपें आहे. परंतु गांवाचा दुबळा पाय तोच आहे. आपल्यापैकीं ज्यांस लिहितां-वाचतां येतें, त्यांनीं अशा एकेका मुलास संध्याकाळीं तासभर जवळ बसवावें. आईबापांनींहि जातांना त्याचीं पुस्तकें गाठोड्यांत बांधावीं. या ज्युबिलीच्या वर्षीं एवढें व्रत आपण घेऊं या, आणि तें पार पाडण्यास प्रभु आपणांस बळ देवो.