तळहातावरील गांठ : आतां कीं नंतर?



मारुंजीच्या एका स्नेह्यांनीं परवां आपला उजवा तळहात माझ्यापुढें धरला. अनामिकेच्या मुळाशीं चण्याएवढी कठीण गांठ होती. हाताच्या शस्त्रवैद्यांनीं निदान केलें होतें : द्युपुइत्रांचा विकार. "आतांच किरणोपचार घ्यावा कीं वाट पहावी?" असा त्यांचा प्रश्न.

पॅरिसच्या द्युपुइत्रां यांनीं १८३१ सालीं ह्यावर व्याख्यान दिलें, म्हणून हें नांव. त्वचेखालील पडदा जाड होतो, त्याची दोरी बनते व बोट आंत ओढलें जातें. किरणांचा हेतु ही वाढ रोखण्याचा. वांकलेलें बोट ते सरळ करीत नाहींत. म्हणून हा उपचार आरंभींच करावयाचा : बहुधा पांच दिवस, कांहीं आठवड्यांनीं पुन्हां पांच दिवस, एकूण ३० ग्रे.

अडचण इथेंच आहे. पुष्कळ गांठी वर्षानुवर्षें तशाच राहतात. अशा गांठीस किरण देणें म्हणजे कोरडी त्वचा आणि पुढें कर्करोगाचा अल्पसा धोका विनाकारण पत्करणें. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनेंहि २०१६ सालीं गुणाचा पुरावा अपुरा ठरविला.

मीं सुचविलें : गांठीचें माप व छायाचित्र तारखेसह ठेवा; तळहात मेजावर सपाट टेकतो ना, हें दरमहा पहा. सहा महिन्यांत वा वर्षांत वाढ दिसली, तर बोट वांकण्यापूर्वीं किरणोपचारतज्ज्ञांस भेटा; न दिसल्यास थांबा.

त्यांनीं त्याच सायंकाळीं वहींत पहिली तारीख लिहिली.