ओळखीची नोकरी



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा हे फाटक कोणाला उघडते आणि कोणाला उघडत नाही, एवढेच आज सांगू.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. काम मुंबईत आणि माणसे कोकणात नि घाटावर. या दोहोंतला दुवा म्हणजे जॉबर. साचा बिघडला तर तो दुरुस्त करी आणि माणूस कमी पडला तर तोच आणी. सकाळी दाराशी जमलेल्यांतून तो बोटाने निवडी. बोट साहजिकच गाववाल्याकडे, नात्यातल्याकडे वळे. वर दस्तुरी घेई ती निराळीच. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी.

जॉबराला शिव्या देणे सोपे आहे. पण नव्या माणसाला खोलीत पथारीपुरती जागा, खानावळीत उधारी, हात बसेपर्यंत सांभाळणारा जोडीदार, हे सारे त्याच ओळखीतून मिळे. मालकाला तर फुकटचा जामीन मिळे. आणलेल्याने गडबड केली, तर आणणाऱ्याची मान खाली!

मात्र ज्याच्यासाठी दार उघडते, त्याला बाहेर राहिलेला दिसत नाही. विणाई खात्यात मिळकत बरी. तेथे अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव होता. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागते, विटाळ होतो, असे कारण सांगत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. तो मालकांपुढे होता, तसाच कामगारांच्या पुढाऱ्यांपुढेही होता. आम्ही युनियनवाले ही गोष्ट सांगताना आवाज जरा खाली आणतो, हे कबूल केले पाहिजे.

भरती जॉबराच्या हातून काढून घ्यावी, असे व्हिटली आयोगाने १९३१ साली सुचविले. १९३५ पासून बदली कामगारांना कार्डे मिळू लागली. १९५९ च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविणे बंधनकारक केले. पण माणूस तेथूनच घ्या, असे काही त्यात नव्हते. जागा कळवायची आणि भाचा घ्यायचा, याला अडकाठी नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या, जॉबर गेला, आणि त्याची गादी ठेकेदाराने चालविली.

आता आमची स्वतःची गोष्ट. एका कारखान्यात आमच्या युनियनने मागणी केली, की भरतीत सभासदांच्या मुलांना अग्रक्रम द्या. पगारवाढीसाठी ज्या मालकाने आम्हांला अकरा महिने झुलविले, त्याने ही मागणी एका बैठकीत मान्य केली. वर चहा पाजला. त्या चहाचा अर्थ दोन वर्षांनी कळला. संपासाठी हात वर करायची वेळ आली, तेव्हा बाप पोरांना दटावू लागले, "खाली घे हात. तुला मी लावलंय."

त्याच भरतीच्या दिवसांत आयटीआय झालेला एक मुलगा तीन दिवस फाटकावर उभा होता. त्याने आम्हांलाच विचारले, "साहेब, अर्ज कुठं द्यायचा?"

आम्ही म्हणालो, "आत कोण आहे तुझं?"

कागदांची पिशवी काखेत मारून तो निघून गेला. त्याचे नावही आम्ही विचारले नव्हते.

गेल्या वर्षी आम्ही कार्यकारिणीपुढे ठराव ठेवला: रिकामी जागा फाटकावरच्या फलकावर लावावी, कामाची चाचणी सर्वांदेखत घ्यावी आणि सभासदाच्या मुलानेही त्याच रांगेत उभे राहावे. एक जुना सभासद उठून म्हणाला, "तीस वर्षं हाडं झिजवली, पोराला एवढंही नको का?" या प्रश्नाला आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते, आजही नाही. ठराव पडला. विरोधात मत देणाऱ्यांत आमचा धाकटा भाऊ होता. त्याचा मुलगा यंदा शेवटच्या वर्षाला आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तोच ठराव आम्ही पुन्हा मांडणार आहोत, आणि भावाला तसे घरी जाऊन सांगितले आहे.