एकदा ऐकून लिहिता यावे असे नाव

(संस्थेच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी केलेले भाषण)



मागच्या पावसाळ्यात आपल्या एका वयस्कर भगिनींचा मला फोन आला. नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या वसतिगृहातील एका मुलीच्या शिक्षणाला त्या गेली कित्येक वर्षे हातभार लावतात. मुलींचे फोटो पाहावेत म्हणून त्यांनी नातवाकडून मोबाइलवर आपले संकेतस्थळ उघडून घेतले. उघडले ते पत्त्यांच्या जुगाराचे पान. त्यांनी मला एवढेच विचारले, "भाऊ, आपली संस्था बंद पडली का?"

संस्था बंद पडली नव्हती. आपण एक भाडे भरायला विसरलो होतो.

संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन नेम म्हणतात, ते कायमचे विकत मिळत नाही. ते भाडेपट्ट्याने मिळते, एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत. मुदत संपून पट्टा वाढवला नाही, तर काही दिवसांची सवलत मिळते. नंतर ते नाव मोकळे होते आणि ज्याला हवे त्याला घेता येते. आपले नाव एका तरुण स्वयंसेवकाने हौसेने, स्वतःच्या ईमेलवरून नोंदवले होते. नोकरीसाठी तो परगावी गेला, तो ईमेलही वापरेनासा झाला. मुदतीची पत्रे तिथेच पडून राहिली. दोष त्याचा नाही. एकाच्या गळ्यात काम घालून आपण सारे मोकळे झालो, आणि खजिनदार असून मीही कधी विचारले नाही.

असे मोठमोठ्यांचेही होते. १९९९ सालच्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या एका नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपली पत्रे उघडता येईनात. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका अमेरिकन संगणक प्रोग्रामरने नाताळच्या दिवशी स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले. आपल्यासाठी असा कोणी धावून आला नाही. आता नवे नाव घ्यायचे आहे, म्हणून आज थोडे सविस्तर बोलतो.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. ते आकडे माणसाला लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आकड्यांच्या जागी नावे चालतील अशी व्यवस्था रचली. म्हणजे नाव आहे ते माणसासाठी. तेव्हा पहिली कसोटी हीच, की फोनवर एकदा ऐकून ते बरोबर लिहिता आले पाहिजे.

इथे आपल्या भाषेची गंमत आहे. नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचे म्हटले, की 'ज्ञान' हा शब्द मराठी माणूस 'डी-एन-वाय'ने सुरू करतो आणि हिंदी माणूस 'जी-वाय'ने. 'वारली'ला कोणी 'डब्ल्यू' लावतो, कोणी 'व्ही'. 'आश्रय'मध्ये सुरुवातीला 'ए' एक की दोन, आणि शेवटी आणखी एक आहे की नाही, यावर घरातल्या घरात वाद होईल. जितकी स्पेलिंगे, तितके चुकीचे दरवाजे. म्हणून असा शब्द शोधावा, की जो दहा जण एकाच पद्धतीने लिहितील.

आपल्या संस्थेचे नोंदणीकृत नाव सहा शब्दांचे आहे. ते सगळे जोडून लिहिले तर टाइप करतानाच माणूस थकेल. नुसती आद्याक्षरे घ्यावीत, तर ती कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. मधे आडवी रेघ घातली, तर ती प्रत्येकाला तोंडाने सांगावी लागते. आकडा घातला, तर तो अंकात लिहायचा की अक्षरात, हा प्रश्न उरतो. दोन, फार तर तीन छोटे शब्द पुरे.

दुसरी कसोटी मला आपल्याच वसतिगृहातून शिकून आता नाशिकला कॉलेजात असलेल्या एका मुलीने शिकवली. कार्यकारिणीत एक नाव सुचवले गेले होते, त्यात 'गरीब' हा शब्द होता. देणगीदारांना काम चटकन कळावे, हा त्यामागचा चांगला हेतू. मी तिला सहज विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "काका, मी कुठे शिकले हे अर्जात लिहावे लागते. तिथे हे नाव लिहू का मी?"

बंधुभगिनींनो, आपण नाव शोधत होतो ते देणाऱ्यांच्या बाजूने. ते नाव आयुष्यभर सांगावे लागणार आहे ते या मुलामुलींना. पावरा, भिल्ल, कोकणा, कातकरी घरांतली ही मुले. त्यांना सांगताना मान खाली घालावी लागेल असे नाव कितीही सोपे असले, तरी ते आपले नव्हे. तो शब्द आम्ही त्याच दिवशी यादीतून काढला.

आता नावाच्या शेपटाविषयी. 'डॉट ऑर्ग' हे १९८५ सालापासून चालत आले आहे आणि सेवाभावी संस्था बहुधा तेच घेतात. 'डॉट इन' हे भारताचे. दोन्ही घ्यावीत असे मला वाटते, म्हणजे आपल्या नावाची दुसरी पाटी कोणी लावणार नाही. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळते. ते मला मनापासून आवडते, पण एकटे तेच घेऊ नये. वसतिगृहातला 'ति' ऱ्हस्व की दीर्घ, इथे आपण सगळेच अडखळतो, आणि संगणक ऱ्हस्वदीर्घाची चूक पोटात घालत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. 'डॉट ऑर्ग' असले म्हणजे संस्था खरी, असे समजू नका. ते कोणालाही घेता येते. पत्त्याशेजारी कुलूप दिसले, तर पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, याची हमी ते कुलूप देत नाही. एका अक्षराच्या फरकाने सारखे नाव घेऊन फसवणारे असतात. म्हणून देणगी पाठवण्याआधी खात्यावरचे संस्थेचे नाव वाचा, शंका आली तर कार्यालयात फोन करा, आणि पावती मागायला संकोच करू नका.

शेवटी कार्यकारिणीतर्फे सभेपुढे तीन गोष्टी मंजुरीसाठी ठेवतो. एक, नवे नाव संस्थेच्या नावावर आणि कार्यालयाच्या ईमेलवर नोंदवले जाईल, आणि त्याची किल्ली सचिव व खजिनदार या दोघांकडे राहील. पदाधिकारी बदलले की दप्तराबरोबर तीही सोपवली जाईल. दोन, पाच वर्षांचे पैसे एकदम भरले जातील. पहिल्या वर्षाची सवलत पाहून आपण भुलणार नाही, पुढच्या वर्षांचा दर विचारून घेऊ. तीन, मुदतीची तारीख दरवर्षी याच सभेत हिशेबाबरोबर वाचून दाखवली जाईल.

नाव कोणते, हे तुम्ही विचाराल. ते आज सांगत नाही, रागावू नका. नोंदणीआधी नाव बाहेर फुटले, तर दुसरा कोणी ते आधी घेऊ शकतो. आधी नोंदणी, मग घोषणा. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर तुम्ही ते वाचालच.

एवढे मात्र सांगतो. ते नाव मी फोनवर सहा जणांना एकदाच सांगितले आणि लिहून घ्यायला लावले. सहाव्या होत्या त्या पावसाळ्यात फोन करणाऱ्या भगिनी. त्यांनी एकेक अक्षर मला परत वाचून दाखवले. सगळे बरोबर होते. मग त्यांनी विचारले, "आता उघडले, तर आपल्या मुलीच दिसतील ना?"

मी हो म्हटले आहे. तो शब्द आपण सर्वांनी मिळून पाळायचा आहे.